इंद्रायणीकाठचे तेरा दिवस : श्री संत तुकाराम महाराजांचे चरित्र

श्रीक्षेत्र देहू येथे येणारे भाविक देऊळवाड्यात श्री विठ्ठल-रुक्मिणीचे दर्शन घेतात आणि नंतर शिळा मंदिरात जाऊन तेथील शिळेवर मस्तक टेकवितात. जगद्गुरू श्री संत तुकाराम महाराज ज्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले, तीच ही शिळा, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. तेरा दिवसांनंतर काय घडले हे महाराष्ट्रातील लहान मुलालाही ठाऊक असते. अभंगांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहातून कोरड्या वर आल्या. परंतु त्या तेरा दिवसांत महाराजांच्या मनाची अवस्था काय होती, आणि त्या शिळेपर्यंत ते कोणत्या वाटेने येऊन पोहोचले होते, याचा विचार दर्शनाच्या घाईत बहुधा राहून जातो. तो करण्यास साहाय्य व्हावे म्हणून महाराजांचे चरित्र येथे दिले आहे.

घराणे व बालपण

पुणे जिल्ह्यातील हवेली तालुक्यात इंद्रायणीच्या तीरावर देहू हे गाव वसले आहे. महाराजांचा जन्म याच गावी झाला. जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद असले तरी सर्वसाधारणपणे इ.स. १६०८ हे वर्ष मानले जाते. त्यांचे मूळपुरुष विश्वंभरबाबा हे पंढरीचे निष्ठावंत वारकरी होते व तेव्हापासून विठ्ठलाची उपासना या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. वडील बोल्होबा व माता कनकाई. थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. घरी शेती होती, सावकारी होती, व्यापार होता आणि गावच्या बाजारपेठेची महाजनकीही होती. महाराज जन्मतःच विपन्न होते असा अनेकांचा समज असतो, तो खरा नाही. ज्या घरात दुसऱ्याला कर्ज देण्याइतके होते, अशा घरात ते वाढले.

सावजींचे मन संसारात नव्हते. त्यामुळे वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास व्यापाराचा भार तुकोबांवर आला व त्यांनी तो चोख सांभाळला. त्यांचा पहिला विवाह रखुमाईंशी झाला. रखुमाईंना दम्याचा विकार असल्याने पुण्याचे आप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाई यांच्याशी दुसरा विवाह लावून देण्यात आला. जिजाईंना आवली असेही म्हणत.

आपत्तींची रांग

वयाच्या सतराव्या वर्षी आई-वडिलांचे छत्र हरपले. पुढच्याच वर्षी भावजय निवर्तली आणि सावजी घर सोडून तीर्थाटनास निघून गेले. वडीलधारे असे कोणी उरले नाही. त्यातून मन सावरून महाराज व्यवहार करू लागले, तोच इ.स. १६२९-३० चा भीषण दुष्काळ आला.

हा काळ कसा होता, हे आजच्या वाचकाने ध्यानी घेतले पाहिजे. दख्खनेत पाऊस नव्हता. निजामशाही, आदिलशाही व मोगल यांच्या युद्धांनी मुलूख होरपळत होता. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांच्या जहागिरीचे पुणे जाळून बेचिराख केले. देहूपासून पुणे फार दूर नाही. मोगल दरबाराच्या बखरीतही दख्खन व गुजरातेतील या दुष्काळाचे विदारक वर्णन आढळते. गुरे गेली, धान्य गेले, माणसे गावे सोडून परागंदा झाली. ज्यांना कर्जे दिली होती ते ऋणकोच उपाशी होते, मग वसुली कोठून होणार? महाराजांचे दिवाळे निघाले व गावातील पत गेली. रखुमाई अन्नावाचून गेल्या. त्यांच्यामागे थोरला मुलगा संतोबाही गेला.

या प्रसंगांचा उल्लेख महाराजांनी स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत केला आहे आणि त्यात कोठेही आडपडदा ठेवलेला नाही. लाज वाटली, दुःख झाले, व्यापारात तोटा आला, हे त्यांनी सरळ सांगितले आहे. संतांना दुःख होत नाही अशी भोळी समजूत करून घेणाऱ्याने ते अभंग अवश्य वाचावेत.

भामनाथ आणि कर्जखते

एकवीस-बावीस वर्षांचा हा तरुण घरातून निघाला आणि चाकण परिसरातील भामनाथाच्या, म्हणजे आज भामचंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, डोंगरावरील लेण्यात जाऊन बसला. तेथे पंधरा दिवस त्यांनी विठ्ठलाचे चिंतन केले आणि त्यांना साक्षात्कार झाला, असे संप्रदाय मानतो. कान्होबा भावाला शोधत रानोमाळ हिंडत होते. ते तेथे पोहोचले व दोघे बंधू इंद्रायणीकाठी परतले.

यानंतर जे घडले, ते चरित्रातील अत्यंत महत्त्वाचे कृत्य आहे. महाराजांनी घरातील सर्व कर्जखते मागवून घेतली. त्यांचे दोन वाटे केले. कान्होबांचा संसार होता, त्यांचा हक्क होता, म्हणून अर्धी खते त्यांच्या स्वाधीन केली. स्वतःच्या वाट्याची अर्धी खते इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली. दुष्काळाने नागवलेले कितीतरी ऋणको त्या एका कृतीने मोकळे झाले. यात वैराग्याबरोबर न्यायबुद्धीही आहे. भावाच्या वाट्याचे पुण्य त्यांनी परस्पर केले नाही. त्या कागदांची त्यांनी पुन्हा कधी वाट पाहिली नाही, आणि इंद्रायणीनेही ते परत दिले नाहीत.

यानंतर देऊळ दुरुस्त करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. पूर्वजांचे विठ्ठल मंदिर पडझडीस आले होते. स्वतःच्या अंगमेहनतीने त्यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. एकादशीला कीर्तन सुरू केले, परंतु प्रारंभी स्वतः कीर्तनकार म्हणून उभे राहिले नाहीत. दुसऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुवपद धरीत. दिवसा भंडारा डोंगरावर एकांतात ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत व नामदेवरायांचे अभंग यांचे पाठांतर चाले. घोराडेश्वराच्या डोंगरावरही ते जात. ही वर्षे चरित्रग्रंथांत चार-दोन पृष्ठांत संपतात, पण महाराजांच्या आयुष्यात ती अनेक वर्षे होती. पुढे माघ शुद्ध दशमी, गुरुवारी, बाबाजी चैतन्य यांनी स्वप्नात त्यांना रामकृष्णहरी या मंत्राचा उपदेश केला. आणि नामदेवराय पांडुरंगासह स्वप्नात आले व आपली अपुरी राहिलेली अभंगसंख्या पूर्ण करण्याची आज्ञा त्यांनी दिली. तेव्हापासून अभंगवाणी प्रकट झाली.

जिजाईंविषयी

येथे जिजाईंविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते. कीर्तनांतून व चित्रपटांतून त्या कजाग, तोंडाळ अशा रंगविल्या जातात व श्रोते हसतात. हे योग्य नव्हे. खते डोहात गेली तेव्हा त्यांच्या मुलांच्या ताटातील उद्याचे अन्नही त्याबरोबर गेले होते. महाराज भंडाऱ्यावर बसत तेव्हा भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या त्याच होत्या, आणि पती जेवल्यावाचून स्वतः न जेवण्याचा त्यांचा नेम होता. वाटेत पायात काटा मोडला असता पांडुरंगाने येऊन तो काढला, अशी कथा परंपरेने जपली आहे. विठ्ठलाला त्या शिव्याशाप देत, हेही परंपरा सांगते. महाराजांनी देवाची वाट डोंगरावर पाहिली. जिजाईंनी ती चुलीपाशी, रिकाम्या मडक्यांसमोर पाहिली. देवाशी त्या भांडल्या, पण घर सोडून गेल्या नाहीत.

विरोध

महाराजांचे कीर्तन ऐकण्यास दूरदूरचे लोक येऊ लागले, तसा विरोधही वाढला. देहूतच राहणाऱ्या मंबाजी गोसावी यांची हकिकत प्रसिद्ध आहे. महाराजांच्या घरच्या म्हशीने त्यांच्या बागेची नासधूस केली. त्यांनी लावलेले काटेरी कुंपण मंदिराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर येत होते, म्हणून एकादशीस येणाऱ्या भाविकांसाठी महाराजांनी ते काटे बाजूस केले. मंबाजींनी त्याच काट्यांच्या फांद्यांनी त्यांना बेदम मारले. रात्री कीर्तनास मंबाजी आले नाहीत, तेव्हा महाराज त्यांच्या घरी गेले व मारून मारून हात दुखले असतील म्हणून त्यांचे अंग चेपू लागले. मात्र या प्रसंगी आपल्याला वेदना झाल्याच नाहीत, असा आव महाराजांनी आणलेला नाही. माणसाशी ते शांत राहिले आणि गाऱ्हाणे मांडायचे ते विठ्ठलापाशी अभंगांतून मांडले.

पुण्याजवळच्या वाघोलीचे रामेश्वर भट्ट हे वेदशास्त्रसंपन्न विद्वान होते. शूद्र कुळात जन्मलेल्या तुकोबांनी प्राकृत भाषेत वेदांचा अर्थ सांगावा, हे त्यांना धर्मबाह्य वाटले. आपले अभंग पाण्यात बुडवावेत अशी त्यांची आज्ञा झाली. त्या काळी अशा आज्ञेमागे समाजाचा सारा धाक उभा असे. महाराजांनी वह्या गोळा केल्या, त्यांना दगड बांधले आणि स्वतःच्या हातांनी त्या इंद्रायणीच्या डोहात सोडल्या.

तेरा दिवस

गावातील कुत्सित लोकांना यात एक योगायोग दिसला व महिपतीबुवांनी तो आपल्या संतचरित्रात नोंदविला आहे. याच माणसाने पूर्वी याच नदीत कर्जखते बुडविली तेव्हा त्याचा प्रपंच बुडाला, आता अभंग बुडविले तेव्हा परमार्थही बुडाला, अशी त्यांनी टवाळी केली. हा बोल महाराजांच्या जिव्हारी लागला. कारण त्यात तथ्यांश होता. खते त्यांनी स्वेच्छेने सोडली होती. वह्या दुसऱ्याच्या आज्ञेने सोडाव्या लागल्या. शिवाय अभंग लिहा अशी आज्ञा साक्षात पांडुरंगाची होती, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. ती आज्ञा खरी असेल तर वह्या बुडता कामा नयेत. आणि वह्या बुडाल्या असतील, तर ती आज्ञा, ते स्वप्न, भामनाथावरील तो साक्षात्कार, या सर्वांचे काय?

देवळासमोरील शिळेवर ते अन्नपाणी वर्ज्य करून बसले. तेरा दिवसांचा उल्लेख खुद्द त्यांच्याच अभंगांत आहे. त्या प्रसंगीचे म्हणून जे अभंग गाथेत आले आहेत, त्यांतून त्यांच्या मनाचे दर्शन घडते. तेथे निश्चल योग्याची शांती नाही. तेथे आर्जव आहे, रुसवा आहे, देवाला दिलेला जाब आहे. इतके दिवस झाले तरी तू येत नाहीस, मग तुझ्या ब्रीदाचे काय, अशा आशयाची निर्वाणीची भाषा आहे. आपले जीवित संपले तरी चालेल, पण हा निवाडा झाल्याखेरीज उठणार नाही, असा निर्धारही आहे. धीर म्हणजे मन न डळमळणे, असे आपण मानतो. महाराजांचे मन त्या शिळेवर पुष्कळ डळमळले. ते उठले मात्र नाहीत, आणि बोलायचे ते त्यालाच बोलले ज्याची वाट पाहत होते. रामेश्वर भट्टांच्या नावाने त्यांनी शिव्याशाप दिले नाहीत, ना लोक जमवून त्यांच्या दारी गेले.

तेराव्या दिवशी वह्या पाण्यावर तरंगू लागल्या व लोकांनी त्या बाहेर काढल्या. त्या कोरड्या होत्या. पुढे स्वतः रामेश्वर भट्टांनीही आपल्या अभंगात या घटनेची साक्ष दिली आहे. काही आधुनिक अभ्यासक म्हणतात की, वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांना मुखोद्गत होते व लोकगंगेने ते परत आणून दिले. श्रद्धावंताला यातही पांडुरंगाचाच हात दिसेल. तेव्हा या मुद्द्यावर वाद घालण्याचे कारण नाही.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट त्यापुढची आहे. वह्या मिळाल्यावर महाराजांनी विजयाचा एकही शब्द काढला नाही. या प्रसंगानंतरचे त्यांचे अभंग पश्चात्तापाचे आहेत. लोकांच्या बोलण्याने आपण क्षुब्ध झालो, देवाला संकटात घातले, एवढ्याशा गोष्टीसाठी त्याला शिणविले, याचा त्यांना मनस्वी खेद झाला. जो तेरा दिवस देवाला जाब विचारीत होता, तोच आता देवाची क्षमा मागत होता. वह्या परत येणे हा चमत्कार खराच, पण ज्याच्या बाजूने निवाडा झाला त्यानेच अपराधी वाटून घ्यावे, हेही काही कमी आश्चर्य नव्हे.

रामेश्वर भट्ट व बहिणाबाई

रामेश्वर भट्टांची कथा अशी सांगतात की, अनगडशहा फकिराच्या शापाने त्यांच्या सर्वांगाचा दाह होऊ लागला. ते आळंदीस ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीपाशी अनुष्ठानास बसले. तुकोबांना शरण जा, असा तेथे त्यांना दृष्टान्त झाला. महाराजांनी पाठविलेला अभंग वाचताच दाह शमला. ज्यांनी वह्या बुडविण्यास सांगितले तेच महाराजांच्या टाळकऱ्यांत सामील झाले व शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिले.

याच काळात कोल्हापुराहून एक ब्राह्मण स्त्री पती व आई-वडिलांसह देहूस आली. त्या संत बहिणाबाई (१६२८–१७००). महाराजांनी त्यांना आधी स्वप्नात उपदेश केला होता. शूद्र गुरू केला म्हणून त्यांनी पतीचा मार सोसला होता आणि देहूस आल्यावर मंबाजींचा जाचही सोसला. त्यांनी आपले आत्मचरित्र अभंगांत लिहून ठेवले आहे. महाराजांना डोळ्यांनी पाहिलेल्या व्यक्तीने लिहिलेले म्हणून त्याचे मोल फार मोठे आहे.

वैकुंठगमन व त्यानंतर

छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा महाराजांनी आदरपूर्वक परत केला, ही हकिकत सर्वश्रुत असल्याने येथे विस्तार करीत नाही. शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीया, म्हणजे इ.स. १६५० या वर्षी महाराजांचे वैकुंठगमन झाले. त्यांच्या वयाची बेचाळीस वर्षेही पुरती झाली नव्हती. हा दिवस तुकाराम बीज म्हणून पाळला जातो व त्या दिवशी देहूत लक्षावधी भाविक जमतात.

महाराज गेले तेव्हा जिजाई गरोदर होत्या. पुढे त्यांना पुत्र झाला, त्याचे नाव नारायण. वडिलांचे मुखही ज्यांनी पाहिले नाही, त्या नारायणबाबांनी इ.स. १६८५ मध्ये महाराजांच्या पादुका पालखीत ठेवून देहू ते पंढरपूर हा सोहळा सुरू केला. मार्गात आळंदीस ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका त्याच पालखीत घेऊन ते पंढरीस जात. पुढे दोन्ही पालख्या स्वतंत्र झाल्या.

अभंगांच्या वह्या जपण्याचे काम चाकणचे संताजी जगनाडे यांच्यासारख्या टाळकऱ्यांनी केले. त्यांच्या हातच्या प्रती व इतर हस्तलिखिते मिळवून इ.स. १८७३ पर्यंत मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेची छापील आवृत्ती पूर्ण झाली. तिच्यात सुमारे साडेचार हजार अभंग आहेत. त्यासाठी तत्कालीन मुंबई सरकारने द्रव्यसाहाय्य केले होते. ज्या वह्यांना दगड बांधून डोहात सोडले होते, त्यांतील अभंग आता देहूतील इंद्रायणीकाठच्या गाथा मंदिराच्या भिंतींवर संगमरवरात कोरलेले पाहावयास मिळतात.

शिळेसाठी बांधलेल्या नव्या मंदिराचे लोकार्पण १४ जून २०२२ रोजी झाले. सवड असलेल्या भाविकांनी भंडारा डोंगरही अवश्य पाहावा. आता तेथे वाहनाने जाता येते. पायथ्यापासून चालत गेल्यास चढ बराच आहे, विशेषतः दुपारी, ज्या वेळी जिजाई भाकरी घेऊन निघत. पालखी सोहळ्याचे प्रस्थान दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीस देऊळवाड्यातून होते.